एकेचाळीस बोंडं

बद्रीनाथरावांनी उत्तर दिलं नाही असं पत्र आयुष्यात एकच. बाकी सगळ्या पत्रांना, विम्याच्या जाहिरातींनासुद्धा, त्यांनी उत्तरं दिली होती. कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेल्या या माणसानं उशिरा पुस्तकं परत करणाऱ्यांना हजारो स्मरणपत्रं धाडली होती, आणि 'विलंबाचे कारण काय?' हे वाक्य त्यांच्या हातून इतक्यांदा लिहून झालं होतं, की दीड वर्ष तेच वाक्य त्यांच्या स्वतःच्या डोक्यात रोज सकाळी चहाबरोबर उगवायचं.

पत्र होतं सूर्यभानचं. पाचोडच्या शाळेत दोघं एका बाकावर बसायचे. सूर्यभान मेंढपाळाच्या घरातला, त्यामुळे दिवाळी झाली की त्याचं बिऱ्हाड मेंढरांमागं निघायचं आणि बाकावर बद्रीनाथ एकटेच उरायचे. पत्र पाच-सहा ओळींचंच होतं.

'बद्री, फोनवर मला ऐकू येत नाय म्हणून लिहितो. मागल्या पावसात भिंत पडली, तिच्याखाली बियाचं गाडगं गेलं. अंबाडीचं बी मोडलं. बानाबाईनं तुझ्या घरच्यांना मूठभर दिलं होतं, त्यातलं असंल तर धाड. बाजारातलं नको. ती लई थकलीय. म्हणती, डोळं हायेत तवर एकदा आपलंच पेरलेलं बघू दे. असंल नसंल कळव.'

या 'बाजारातलं नको'मध्ये सगळी गोम होती. सूर्यभानच्या घरात अंबाडीचं बी सासू सुनेच्या पदराला गाठ मारून द्यायची. मेंढरांमागं चार जिल्हे फिरून आलं तरी ती गाठ सुटायची नाही, जून आला की मगच सुटायची. आणि बी मोडलं, म्हणजे घरातून संपलं, तर ते विकत आणायचं नाही. ज्याला कधीकाळी दिलं त्याच्याच दारातून परत मागायचं. बाहेर दिलेलं बी ही त्या घराची ठेव. बानाबाईनं, म्हणजे सूर्यभानच्या बायकोनं, अशी ठेव आयुष्यात एकाच ठिकाणी ठेवली होती, बद्रीनाथरावांच्या बायकोकडं. आणि मनकर्णाबाई तर सहा वर्षांपूर्वीच गेल्या होत्या.

एवढ्या साध्या पत्राला उत्तर द्यायला किती वेळ लागावा? पण बद्रीनाथरावांना आधी बी शोधायचं होतं. घरात चार हजार पुस्तकं. बियाची पुडी त्यांतल्याच कुठल्यातरी पुस्तकात असणार, कारण मनकर्णाबाई हाताला लागेल ते खूण म्हणून पानांत घालायच्या. एकदा पापडसुद्धा सापडला होता. शोधाला दहा महिने लागले. निवृत्त ग्रंथपालाला स्वतःच्या घरातलं पुस्तक दहा महिने सापडत नाही, ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. पुडी अखेर बागकामाच्या पुस्तकात मिळाली, 'खते' या प्रकरणापाशी. मनकर्णाबाई तिथवर पोचल्या होत्या. पुडीवर त्यांच्या अक्षरात 'बानाबाईचं' एवढंच.

आता पुडी पाठवून मोकळं व्हायला काय हरकत होती? हरकत अशी, की बी सात वर्षांचं झालेलं. ते उगवेल का? बानाबाईनं आशेनं पेरलं आणि उगवलंच नाही तर? त्यापेक्षा आपणच आधी पेरावं, ताजं बी धरावं आणि ते पाठवावं, असं त्यांनी ठरवलं. पाचोड काही सातासमुद्रापार नाही. दीड-दोन तासांत एसटी नेऊन सोडते. पण पत्राला उत्तर न देता दारात जाऊन उभं राहायला जी छाती लागते ती बद्रीनाथरावांकडं असती, तर त्यांनी पत्रालाच उत्तर दिलं नसतं का? दरम्यान उत्तराचे अकरा मसुदे मात्र तयार झाले. अकराही 'प्रथम विलंबाबद्दल' इथं थांबलेले.

तर जुलैमध्ये बजाजनगरातल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर रंगाच्या चार रिकाम्या बादल्या आल्या. चाळीसेक दाण्यांतले पाच उगवले, एक कबुतरानं नेला, चार राहिले.

ऑगस्टच्या एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे इंद्रजीत गच्चीवर आले. हे वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. वीस वर्षांच्या रात्रपाळ्यांनी झोप कायमची गेलेली, कंबरही गेलेली. अकरा वर्षांत ते बद्रीनाथरावांशी एकच वाक्य बोलले होते, ते म्हणजे 'काका, मोटर बंद करा.' आज ते बादल्यांपाशी थबकले आणि बराच वेळ पानं न्याहाळत राहिले. हाताच्या पंजासारखी कातरलेली, कडेला दाते असलेली पानं.

"काका," ते हळू आवाजात म्हणाले, "किती दिवसांचं झालं?"

"चाळीस-एक दिवस झाले."

"आणि शेंडे अजून खुडले नाहीत?"

"खुडायचे असतात का?"

इंद्रजीतनी जिन्याकडं पाहिलं. "माझ्यापासून काय लपवता? मी कुणाला बोलणार नाही."

"अहो, अंबाडी आहे ही."

"हां, हां. अंबाडीच." इंद्रजीतनी एक डोळा बारीक केला. "तर अंबाडीचा शेंडा पाचव्या पेरावर खुडायचा. मी खूप व्हिडिओ बघितलेत. झोप नसते ना, तेव्हा काय करणार. शेंडा गेला की बाजूच्या फांद्या जोर धरतात. मग खालची पानं काढून टाकायची, ती नुसती खातात. फांद्या दोरीनं आडव्या ताणायच्या, म्हणजे ऊन आत जातं. कळी काय दाट येते, काका. एकदम फर्स्ट क्लास."

माणूस अंबाडीबद्दल इतक्या आत्मीयतेनं बोलतो हे पाहून बद्रीनाथराव भारावले. बागकामाच्या पुस्तकात अंबाडीला अडीच ओळी होत्या. त्यांनी इंद्रजीतचं सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि मनकर्णाबाईंच्या कात्रीनं चारही शेंडे उडवले. कात्री चालवण्याआधी त्यांनी वही तीनदा वाचली, कारण उरलेली चारच होती. पण महिनाभरात झाडं खरोखर पसरली. एरवी काठीसारखी सरळ वाढणारी अंबाडी झुडपासारखी गोल झाली आणि फांदीफांदीला कळ्या दिसू लागल्या.

त्या महिन्यात बद्रीनाथरावांच्या आयुष्यात एक अपरिचित गोष्ट घडली. लोक त्यांना मान देऊ लागले. निदान एक माणूस तरी देऊ लागला. इंद्रजीत त्यांचा सिलिंडर वर आणून देत, जिन्यात वाट सोडत, 'काका छुपे रुस्तम निकले' असं म्हणत पाठीवर हलकेच थोपटत. रोज संध्याकाळी दोघं खुर्च्या टाकून कळ्यांकडं बघत बसत. बायको गेल्यापासून कुणी शेजारी बसलं नव्हतं. आपल्यात असं काय दिसलं असेल, याचा बद्रीनाथरावांनी पुष्कळ विचार केला आणि वाचनामुळे असेल असा निष्कर्ष काढला.

मग एका संध्याकाळी इंद्रजीत म्हणाले, "आता मेन गोष्ट. बी धरू द्यायचं नाही. नर झाड दिसलं की उपटून टाकायचं. बी धरलं की कळीतला दम गेला."

"पण मला बीच हवंय."

"बी?"

"मला फक्त बीच हवंय. बाकी काही नको."

"म्हणजे पुढच्या वर्षी मोठ्या प्रमाणावर," इंद्रजीत पुटपुटले आणि आदरानं खुर्ची थोडी मागं सरकवून बसले.

हे सुख पुढं आठच दिवस टिकलं. शेंडे खुडण्याचा दुसरा हात झाला होता आणि ते शेंडे बद्रीनाथरावांनी नियमाप्रमाणे ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकले होते. नियम मोडणाऱ्या माणसाला या जगात काही होत नाही. जे होतं ते पाळणाऱ्याला. सोसायटीच्या सचिव प्रेरणाताई, शाळेत गणित शिकवतात, कचऱ्याच्या वर्गीकरणावर त्यांचं बारीक लक्ष. त्यांनी ते शेंडे पाहिले, फोटो काढला, मोबाइलवर ताडून पाहिला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक झाली. इंद्रजीत हजर होते, पण स्कूटरमागं उभे होते.

"काका, तुम्ही वाचणारे माणूस," प्रेरणाताई म्हणाल्या. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

आपल्याकडून कुणाची काही अपेक्षा होती हे बद्रीनाथरावांना त्याच क्षणी कळलं, आणि त्याच क्षणी ती संपल्याचंही कळलं.

"अंबाडी आहे हो ती."

"अंबाडी माझ्याकडं दर आठवड्याला होते, काका. ती अशी नसते."

ती कढईत अशी नसते, असं बद्रीनाथरावांना म्हणायचं होतं. पण वाक्य तयार होईपर्यंत बैठक संपली. लेखी तक्रार गेली.

खरी वाईट गोष्ट त्यानंतर घडली, आणि ती कुणालाच दिसली नाही. बद्रीनाथरावांना स्वतःलाच शंका आली. त्यांनी चार पुस्तकं काढली. एकात लिहिलं होतं, की अंबाडीच्या शास्त्रीय नावातच गांजाचा शब्द आहे, कारण पानं सारखी दिसतात. यानं धीर यायला हवा होता. त्यांना घाम आला. इतक्या लोकांना एकच गोष्ट दिसते आणि आपल्याला दुसरीच, तर चूक कुणाची असायची? जन्मभराच्या अनुभवानं उत्तर ठरलेलं होतं. मग विचार सूर्यभानकडं वळला. मेंढरांमागं रानोमाळ फिरणारी माणसं. गाडग्यात काय काय मिसळलं असेल कुणास ठाऊक. सूर्यभान बापडा सरळ. पण त्याचं पत्र एवढं घाईचं का होतं? 'बाजारातलं नको' असं का? तीन आठवडे ते आपल्या बालमित्राच्या पत्राकडं पोलिसाच्या नजरेनं बघत होते. एक पान चावून पाहिलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण ते पान खरंच गांजाचं निघालं, तर आपण गांजा खाल्ला असं होणार होतं. म्हणून त्यांनी चावलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हवालदार आले. नाव कडूबा. स्थूल, घामेजलेले, तीन मजले चढून वैतागलेले. त्यांनी झाडांकडं पाहिलं, एक पान तोडलं, तोंडात टाकलं आणि चघळलं.

"आंबट हाय," ते म्हणाले. "अंबाडीच हाय ही."

बद्रीनाथरावांचे डोळे भरून आले. सुटकेपेक्षा त्यात शरम जास्त होती. "मग तसं लिहा ना, साहेब."

"कसं लिहू? चव पंचनाम्यात घेता येत नाय. उद्या म्हनतील हवालदारानं पुरावा खाल्ला." त्यांनी कागद काढला. "तक्रार लेखी हाय, फोटो हाय, सचिव बाईंची सही हाय. तुमची बाजू तोंडी हाय. आता मोजा."

"काय मोजू?"

"मुद्देमाल."

झाडे चार. कळ्या एकूण एकेचाळीस. हवालदारांनी दोनदा मोजली, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. नमुना म्हणून पाच पानं पाकिटात गेली, प्रयोगशाळेत नंबर लागला की अहवाल येणार होता. बादल्या ठाण्यात न्यायला गाडी नव्हती. तेव्हा मुद्देमाल बद्रीनाथरावांच्याच ताब्यात सुपूर्दनाम्यावर देण्यात आला, म्हणजे सांभाळायचा त्यांनी, मालक सरकार. निकाल लागेपर्यंत कुठलाही भाग तोडायचा नाही, हलवायचा नाही, नष्ट करायचा नाही. सही करताना बद्रीनाथरावांनी विचारलं, "बी तयार झालं तर?"

"बोंडात राहू द्या."

"बोंड फुटलं तर सांडेल हो."

"एकेचाळीसचे चाळीस झाले तर कलम वाढंल, काका," हवालदार समजावणीच्या सुरात म्हणाले. "जपा."

जाणकाराचा दाखला आणला तर काम लवकर होईल, असंही ते जाताजाता बोलले. म्हणून बद्रीनाथराव क्रांती चौकात रिक्षातून उतरून कृषी खात्याच्या एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी फोटो पाहून अंबाडी लगेच ओळखली, लहानपणीची भाकरीही आठवून काढली. पण पिकाचा दाखला द्यायचा तर सातबारा लागतो. गच्चीचा सातबारा नसतो. जिथं सातबारा नाही तिथं शेत नाही, आणि शेत नाही तिथं पीक नाही. मग बादलीत जे आहे ते काय आहे, असं विचारल्यावर साहेब फोटो परत करत म्हणाले, "तेच तर पोलिसांना ठरवायचंय ना."

महिनाअखेर फुलं आली. फिकट पिवळी, पोटात गर्द जांभळा ठिपका. सगळी इमारत एकेक करून गच्चीवर येऊन गेली. प्रेरणाताईंनी फुलाचा फोटो ताडून पाहिला, खाली गेल्या आणि ग्रुपवर 'गैरसमज दूर' एवढंच टाकलं. तक्रार मात्र मागं घेता येत नव्हती, नमुना पुढं गेला होता. इंद्रजीत सगळ्यांत शेवटी आले. खुर्चीवर न बसता फुलाकडं पाहत राहिले.

"म्हणजे खरंच अंबाडी?"

"मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो."

"सगळे तसंच म्हणतात, काका." त्यांचा आवाज इतका खचलेला होता, की बद्रीनाथरावांना माफी मागावीशी वाटली. "दोन महिने वाट बघत होतो हो. वाटलं, एक रात्र तरी नीट झोप लागेल."

त्यानंतर सिलिंडर पुन्हा बद्रीनाथरावांनाच एकेक पायरी ओढावा लागला. गांजा लावणारा म्हातारा म्हणून इमारतीत त्यांना काही एक स्थान होतं. भाजी लावणाऱ्या म्हाताऱ्याला ते नव्हतं. संध्याकाळी ते एकटेच खुर्ची टाकत आणि बोंडं मोजत. पंचनाम्यानंतर आलेल्या सहा कळ्या थंडीनं गळल्या. एकेचाळीस बोंडं तेवढी वाळत चालली. अहवालाबद्दल विचारलं की ठाण्यातून उत्तर यायचं, 'नंबर लागला नाही.'

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका बोंडाला टोकाशी चीर दिसली. अजून चार दिवस, फार तर पाच. मग दाणे गच्चीच्या फरशीवर सांडणार आणि कबुतरं नेणार. जगात बानाबाईच्या घरचं एवढंच बी उरलेलं, आणि ते सरकारच्या मालकीचं. त्यांनी सूर्यभानचं पत्र पुन्हा वाचलं. 'डोळं हायेत तवर.' ते वाक्य दीड वर्षापूर्वीचं होतं. डोळे अजून होते की नाही, हे विचारायचं धाडससुद्धा त्यांनी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, इमारत कामावर गेलेली असताना, बद्रीनाथरावांनी आयुष्यातला पहिला गुन्हा केला. सोबत नेलेलं साहित्य असं: एक धारदार पातं, एक चिमटा, एक वाटी, डिंक आणि जुन्या पोथ्या सांधायला वापरतात तो पातळ कागद. एकतीस वर्षांत त्यांनी वाळवीनं खाल्लेली, उंदरांनी कुरतडलेली, विद्यार्थ्यांनी पानं फाडलेली किती पुस्तकं पुन्हा उभी केली होती त्याचा हिशेब नव्हता. त्यांनी पहिलं बोंड फांदीवरच ठेवून शिवणीशी उकललं, दाणे वाटीत घेतले, आत डिंकाचं बोट फिरवलं, पाकळ्या मिटवल्या आणि वरून कागदाची बारीक पट्टी लावून दाबून धरली. मग दुसरं. गुडघे दुखत होते, हात मात्र सवयीनं चालत होता. शेंडे खुडताना तीनदा वाचावी लागली होती तशी वही या वेळी लागली नाही. एकेचाळिसावं बोंड सांधलं तेव्हा ऊन टाकीपलीकडं गेलं होतं. चार काठ्यांना एवढी बोंडं आली नसती, हे त्यांच्या ध्यानात आलं. ती इंद्रजीतच्या जागरणाची कमाई होती. त्यांनी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. प्रत्यक्ष सांगायला गेले असते तर इंद्रजीतना आणखी वाईट वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी हवालदार कडूबा अचानक तपासणीला आले. बी अजून घरातच होतं, कारण सोबतच्या पत्राला सुरुवात झाली नव्हती. बद्रीनाथरावांना वाटलं, संपलं. आता बी पाचोडला पोचायच्या आधी आपणच तुरुंगात पोचणार.

हवालदारांनी वरून खाली मोजलं. खालून वर मोजलं. एकेचाळीस. मग एक बोंड दोन बोटांत धरलं, कान जवळ नेला आणि हलवलं. पुन्हा हलवलं. त्यावरच्या कागदाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"वाळलेलं बोंड वाजतं," ते म्हणाले. "हे वाजत नाय."

सगळं खरं सांगायला बद्रीनाथरावांनी तोंड उघडलं, पण नेहमीप्रमाणे वाक्य तयार नव्हतं. तुटक तुटक एवढंच बाहेर आलं: "पाचोडला. मैत्रिणीकडं. म्हणजे माझ्या बायकोच्या मैत्रिणीकडं. बी मोडलंय त्यांचं."

कडूबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "घरचं?"

"घरचं."

हवालदारांनी कागद काढून त्यावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "बोंडे एकूण एकेचाळीस, सुस्थितीत." टोपी घातली. "वाजनं पंचनाम्यात नाय, काका."

जिन्यात वळताना ते थांबले. "पोस्ट पाचला बंद व्हतंय."

बद्रीनाथराव घरात आले, बारावा कागद घेतला आणि न थांबता लिहिलं:

'सूर्यभान, बी आहे. सोबत पाठवतोय. ते मनकर्णेनं जपलं, हरवलं मी. मधे काही दिवस मी तुझ्यावर संशय घेतला, तो कशाचा ते आल्यावर सांगतो. बानाबाईंना सांग, जूनपर्यंत थांबा. पोहोच मिळाली की मी येतो. बद्री.'

पत्रात 'विलंब' हा शब्द कुठंच नव्हता, हे त्यांना पाकीट चिकटवल्यावर जाणवलं. पुन्हा उघडावं का, असा विचार आला. डिंक वाळला होता.

पोस्टात साडेचार वाजले होते. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट दाबून पाहिलं.

"काय आहे आत?"

गेले चार महिने या प्रश्नाला त्यांनी ज्याला ज्याला उत्तर दिलं त्यानं डोळा बारीक केला होता.

"अंबाडीचं बी."

"बरं," बाई म्हणाल्या आणि वजन केलं. "पोहोच पाहिजे?"

पोहोच म्हणजे उत्तर. सही सूर्यभानची असेल, किंवा दुसऱ्याच कुणाची. किंवा पाकीट आहे तसं परत येईल. ते "नको" म्हणाले, दारापर्यंत गेले, परत फिरले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. पुढं तिघं होते. त्यांचा नंबर आला तेव्हा बाईंनी त्यांच्याकडं न बघताच पोहोचेचा कागद जोडला, पाकिटावर शिक्का मारला आणि ते पाठीमागच्या पिशवीत टाकलं.